बुधवारच्या पिशव्या

प्रत्येक घरात एक पिशव्यांची पिशवी असते. दारामागं, खिळ्याला टांगलेली. आपण तीत एक कोंबतो, मग दुसरी कोंबतो, आणि कधी एक हवी म्हणून ओढावी तर दहा बाहेर येतात. किस्स्यांचं तसंच आहे बघा. परवा कराडला बहिणीला फोनवर एकच किस्सा सांगायला गेले, तर एकातून एक निघत फोनचं अख्खं कार्ड संपलं. नितीन म्हणाला, "आई, तू लिहूनच काढ आता."

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. हे एस.टी.च्या डेपोत कंट्रोलर होते, तिथल्या पाट्यांवरून अक्षरं शिकले. त्यामुळं माझं लिहिणं जरा खडखडत जाईल. दांडी धरून बसा!

तर दोन हजार सात-आठची गोष्ट. आमचा नितीन फ्रँकफुर्टला कॉम्प्युटरच्या कंपनीत, घर जवळच बाड हॉम्बुर्गला. त्यानं खटपट करून आम्हा दोघांना तिकडं कायमचं बोलावून घेतलं होतं. सून मृणाल पुण्यात औषधांचं शिकलेली. जर्मनीत आल्यावर पुन्हा सगळ्या परीक्षा देऊन ती अपोटेकरिन झाली. अपोटेके म्हणजे औषधांचं दुकान आणि अपोटेकरिन म्हणजे तिथली शिकलेली बाई. नुसत्या गोळ्या मोजून देणारी नव्हे, का घेता, कशी घेता हे विचारणारी.

तिचं दुकान तळमजल्यावर आणि वरच्या मजल्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना. आपल्याकडं फॅमिली डॉक्टर असतो तसा. जर्मनीत बुधवारी दुपारी डॉक्टर लोक दवाखाना बंद ठेवतात. त्या रिकाम्या दुपारी ह्या दोघांनी मिळून एक काम काढलं. ज्या म्हाताऱ्या माणसांना पाच-सात औषधं चालू आहेत त्यांनी घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायची. मृणाल एकेक डबी उघडून बघणार. कुठली गोळी कुठलीशी भांडतेय, कुठली दोनदा पोटात जातेय, कुठलीची गरजच उरलेली नाही. आणि डॉक्टर शेजारी बसून लगेच बदल करणार.

मी तिथं कशी? नात इरा आठ वर्षांची, तिचा बासरीचा क्लास त्याच गल्लीत. तिला सोडलं की मी दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये येऊन बसायची. उबदार जागा, खुर्चीला गादी, आणि वाती वळायला भरपूर उजेड! क्लास सुटला की इरा माझ्याजवळ येऊन बसे आणि लोक काय बोलतात ते मला सांगे. अर्धं मराठीत, अर्धं जर्मनमध्ये, बाकीचं हातवारे करून.

एक मात्र आधीच सांगते. मृणालनं पेशंटचं एक अक्षरही मला कधी सांगितलं नाही. जे कळलं ते लोकांनी स्वतः बाहेर येऊन सांगितलेलं. म्हातारी माणसं कमी ऐकतात म्हणून मोठ्यांदा बोलतात, आणि जर्मन म्हातारी आपल्याहून मोठ्यांदा! नावं मी बदलली आहेत. पिशव्या खऱ्या आहेत.

* * *

पहिल्याच बुधवारी हेर फोगेल, म्हणजे आपल्यातले फोगेलसाहेब, आले ते चाकाची सुटकेस ओढत. गल्लीतल्या दगडांवरून खडखड खडखड.

काउंटरवर फ्राऊ केलर म्हणून बाई असायच्या. सगळा दवाखाना त्यांच्या धाकात, डॉक्टरसुद्धा. त्या म्हणाल्या, "हेर फोगेल, तुम्ही गावाला निघालात की काय?"

"तुम्हीच फोनवर म्हणालात, घेता ते सगळं आणा!"

आत सुटकेस उघडली. अर्धी औषधं त्यांची आणि अर्धी बायकोची. बायको वारून दोन वर्षं झालेली. मृणालनं ती बाजूला काढली, तर हेर फोगेल म्हणाले, "राहू द्या, ती पण मीच घेतो. रोज थोडी थोडी."

"पण का?"

"चांगली औषधं आहेत. टाकून कशी द्यायची? संपवतोय."

लढाईच्या दिवसांत लहान असलेली पिढी ती. बटाट्याचं सालसुद्धा जपून काढतात. मला काही त्यात नवल वाटलं नाही. मी इतकी वर्षं नातीच्या ताटातलं उरलेलं संपवतेच की! पण मृणालनं फार हळू आवाजात विचारलं म्हणे, "तुम्हाला हृदयाचा त्रास आहे का?"

"नाही हो," ते म्हणाले. "पण ती नेहमी म्हणायची, तू स्वतःकडं बघत नाहीस, तूही काहीतरी घेत जा!"

जाताना सुटकेस रिकामी होती. तरी ते ती हलकी झाल्यासारखी ओढत नव्हते. बायकोचं ऐकताना डॉक्टरांनी चष्मा पुसला, असं फ्राऊ केलर नंतर सगळ्यांना सांगत होत्या. डॉक्टर म्हणतात, पावसामुळं पुसला.

* * *

हा किस्सा मी घरी येऊन ह्यांना सांगितला. हे म्हणाले, "जर्मन लोक! आपल्यात असं कोणी करत नाही." आणि आपला डबा खाटेखाली आत सरकवला.

आता ह्या डब्याचं सांगायला हवं. बटर बिस्किटांचा निळा गोल डबा. त्यात ह्यांची औषधं. कराडच्या डॉक्टरांनी दिलेली, इथल्या डॉक्टरांनी दिलेली, पुण्याहून कोणी आलं की मागवलेली, शेजारच्या देशमुखांना लागू पडली म्हणून घेतलेली. डबा उचलला की खुळखुळ्यासारखा वाजायचा. रात्री तो वाजला की मी समजायची, ह्यांची झोपायची वेळ झाली.

तो डबा सुनेला दाखवायचा नाही! आमच्या घरची रीतच तशी. सासरा सुनेशी थेट फार बोलत नाही. एका टेबलावर बसून दोघं माझ्यामार्फत बोलायचे. "तिला सांग, भाजी वाढ म्हणावं." भाजीचं भांडं तिच्या हातात, ती समोर उभी, आणि मी मध्ये! जिथं भाजी मागायची पंचाईत, तिथं पोटाचं, लघवीचं, रात्री किती वेळा उठतो ते कोण सांगणार?

मृणालनं एकदा विचारून बघितलं, "आई, बाबांना म्हणावं, मला एकदा गोळ्या बघू देत."

हे म्हणाले, "तिला सांग, मी ठणठणीत आहे."

ठणठणीत कसले! ह्यांना चक्कर येत होती. उठताना खुर्चीची पाठ धरायचे, मोजा घालताना भिंत धरायचे. इराला रोज सकाळी शाळेत सोडणं हे ह्यांचं काम होतं. डेपोतून गाडी सोडावी तसे घड्याळ बघून निघायचे. एकदा नोव्हेंबरात, ओल्या पानांवर, रस्ता ओलांडताना हे भेलकांडले. हातात इराचा हात. गाडीवाल्यानं ब्रेक मारला म्हणून निभावलं. इरानं घरी येऊन सगळं सांगितलं, जर्मनमध्ये, रडत.

नितीन शांतपणे म्हणाला, "बाबा, उद्यापासून शाळेत मी सोडतो."

ह्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला कोट घालून तयार झाले, आणि मग खिडकीशी जाऊन बसले. कोट तसाच अंगात. पुढं रोजच तसं.

मला ते बघवत नव्हतं. पण करते काय? डबा वाजतच होता.

* * *

असो. बुधवारी परत गेले.

फ्राऊ झोमर म्हणून ठेंगणी, गुबगुबीत बाई. थायरॉइडची गोळी. डॉक्टरांनी बजावलेलं, सकाळी रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास काही खायचं नाही. तरी रक्ताचे आकडे जागेवर येईनात. डॉक्टर डोस वाढवायला निघालेले.

मृणालनं विचारलं, "सकाळचं सगळं जसंच्या तसं सांगा बरं. उठल्यापासून."

"उठते. गोळी घेते. रिकाम्या पोटी, अगदी नियमानं. अर्धा तास काही म्हणजे काही खात नाही."

"गोळी पाण्याबरोबर?"

"कॉफीबरोबर. थोडी साय घालून."

"कॉफी चालत नाही हो! पोट रिकामं हवं."

फ्राऊ झोमर तट्ट उभ्या राहिल्या. "कॉफी म्हणजे खाणं नव्हे. कॉफी म्हणजे कॉफी!"

इरानं मला हे सांगितलं तेव्हा मी मनातून फ्राऊ झोमरच्या बाजूची झाले. चतुर्थीला पाण्याचा थेंब न घेता कडक उपास करणारी आमची जाऊ, तिचे तीन कप चहा कोणी मोजले का कधी? चहानं उपास मोडत नाही, हे जगाला मान्य आहे. आणि बाईंनी कॉफी घेतली तर बिघडलं?

पण बिघडत होतं खरं. कॉफी अर्ध्या तासानं घ्यायला लागल्यावर आकडे सरळ आले आणि डोस वाढवायची पाळी आली नाही. फ्राऊ झोमर मात्र शेवटपर्यंत म्हणत होत्या, "तो अर्धा तास मी नवऱ्याशी बोलत नाही. एवढं डॉक्टरांना सांगून ठेवा!"

* * *

एकजण आले होते कुत्रा घेऊन. लांबोडका, आखूड पायांचा. दोघांचेही गुडघे दुखरे.

पिशवीत गुडघ्याच्या गोळ्या निघाल्या, त्यावर कुत्र्याचं चित्र. मृणाल म्हणाली, "ह्या चुकून आल्या वाटतं."

"चुकून नाही. मी घेतल्या तरच तो घेतो. आधी मी खाऊन दाखवल्याशिवाय तो तोंडच उघडत नाही!"

डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, ती जनावराची गोळी! काही झालं असतं म्हणजे?"

"मी अर्धीच खातो," ते म्हणाले. "तोही फसवतोच मला. त्याचीही अर्धी सोफ्याखाली सापडते!"

* * *

फ्राऊ लिंडनर सारख्या पडायच्या. एकदा बेकरीत, एकदा चर्चच्या पायरीवर. सगळे म्हणायचे, वय झालं. त्याही म्हणायच्या, वय झालं.

त्या वर्षी इथं विम्याचे नियम बदलले होते. औषध तेच, पण कंपनी बदलायची, म्हणून डबीचा रंग बदलायचा, नाव बदलायचं, गोळीचा आकारसुद्धा. दुकानात दिवसभर म्हातारी माणसं भांडायची, "ही माझी गोळी नव्हे!" मृणाल घरी आली की घसा बसलेला असायचा.

फ्राऊ लिंडनरच्या पिशवीत तीन डब्या निघाल्या. पांढरी, निळी आणि पिवळी. तिन्हीत रक्तदाबाचं एकच औषध. नाव वेगळं, कंपनी वेगळी, आतला माल तोच. बाई तिन्ही घेत होत्या, सकाळी, नेमानं, पाण्याबरोबर.

मृणालनं विचारलं, "नवी आल्यावर जुनी बंद करायची, कोणी सांगितलं नाही?"

"नवीबरोबर जुनी नको म्हणून कोणी सांगितलं नाही," फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. "मला वाटलं, पांढरी एकटी थकली असेल, म्हणून निळी मदतीला पाठवली!"

दोन डब्या गेल्या. फ्राऊ लिंडनर त्यानंतर पडल्या नाहीत. महिन्यानं काठी विसरून गेल्या दवाखान्यात, फ्राऊ केलर ती घेऊन रस्त्यापर्यंत धावल्या.

हा किस्सा मी मुद्दाम जेवताना सांगितला. रंगवून, हातवारे करून. नितीन हसला, इरा हसली. मृणालनं नजर ताटातून वर केली नाही. हे भात कालवत राहिले. मग म्हणाले, "बाई अडाणी असणार."

मी म्हटलं, "शाळेत मास्तरीण होती."

त्या रात्री डबा वाजला, पण जरा उशिरा वाजला.

* * *

एक जोडपं होतं, दोघंही ऐंशीच्या पुढचे. हातात हात घालून यायचे, एकच पिशवी, एक बंद त्याच्या हातात आणि एक तिच्या.

मृणालनं त्याला विचारलं, "तुम्ही सकाळी कुठल्या गोळ्या घेता?"

त्यानं बायकोकडं बघितलं. बायको धडाधडा बोलली. मग बायकोला विचारलं, तर तिनं नवऱ्याकडं बघितलं आणि नवरा धडाधडा बोलला! स्वतःची एक गोळी स्वतःला माहीत नाही.

"मी माझ्या विसरते," ती म्हणाली. "त्याच्या नाही विसरत. त्याचंही तसंच. म्हणून आम्ही वाटून घेतलंय."

औषधं तपासली, सगळी बरोबर! एक चूक नाही. फक्त मधूनच दोघांचाही रक्तदाब एकदम चढायचा, एकाच दिवशी, आणि त्याचं कारण डॉक्टरांना सापडत नव्हतं.

"तेव्हा काय वेगळं झालेलं असतं?" मृणालनं विचारलं.

दोघंही खाली बघायला लागले. शेवटी म्हातारा म्हणाला, "भांडलेलो असतो. भांडलो की कोणी कोणाला गोळ्या देत नाही."

डॉक्टरांनी त्यावर कागदावर काय लिहून दिलं माहितेय? फ्राऊ केलरनं मोठ्यांदा वाचून दाखवलं, म्हणून कळलं: "भांडण जेवणानंतर, गोळ्या घेऊन झाल्यावर."

* * *

आता तुम्ही म्हणाल, सगळी गंमत जर्मनांचीच. थांबा, आपलीही सांगते.

संक्रांतीला आमच्या घरी हळदीकुंकू. फ्रँकफुर्ट, बाड हॉम्बुर्ग धरून आठ-दहा मराठी बायका. तिळगूळ झाला, वाण लुटलं, आणि एकीनं हळूच पर्समधून गोळ्यांची पट्टी काढली. "मृणाल, जरा बघतेस?" झालं! दुसरीनं काढली, तिसरीनं काढली. तिळगुळाच्या ताटाशेजारी औषधांचं ताट तयार.

एकीची सासू आलेली होती पुण्याहून, कुसुमताई. त्यांनी पट्टीचा तुकडा पुढं केला. आपल्याकडं पट्टी कशी कात्रीनं कापून देतात! त्या तुकड्यावर चार गोळ्या, आणि मागं नाव नाही, काही नाही, नुसती चांदी.

"ही कसली गोळी, ताई?" मृणालनं विचारलं.

"चांगली आहे."

"पण नाव काय?"

"नाव माझ्या धाकट्या जावेकडं. एक पट्टी आणली, अर्धी तिला दिली, अर्धी मी घेतली. नावाचा तुकडा तिच्याकडं गेला."

म्हणजे गोळी बाड हॉम्बुर्गला आणि तिचं नाव पुण्यात!

लावला पुण्याला फोन. सगळ्या बायका भोवती गोळा. पलीकडून जाऊबाई म्हणाल्या, "थांब, चष्मा आणते." बराच वेळ गेला. मग आवाज आला, "अगं, मी पण अर्धी आपल्या नणंदेला दिली. नाव तिकडं गेलं. माझ्या तुकड्यावर फक्त 'थंड जागी ठेवा' आहे!"

हसून हसून पुरेवाट झाली. मी बघितलं, हे आतल्या खोलीच्या दारात उभे. बायकांत यायचं नाही म्हणून उंबऱ्याच्या आत. सगळं ऐकत होते. हसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "तुमच्या डब्यात आहेत का हो असे बिननावाचे तुकडे?"

हे म्हणाले, "डेपोत बिनपाटीची गाडी मी कधी सोडली नाही."

उत्तर नव्हतं ते.

* * *

आता शेवटचा. हा मी फोनवर बहिणीलासुद्धा सांगितला नव्हता.

फेब्रुवारीतला बुधवार. बर्फ वितळून रस्ताभर चिखल झालेला. मी वाती वळत बसलेली, इरा क्लासहून येऊन शेजारी चित्र काढतेय. दार उघडलं आणि आत आले हे!

कोट, टाय, डोक्यावर लोकरी टोपी, काखेत कापडी पिशवी. पिशवीतून खुळखुळ आवाज. बर्फातून एकटेच चालत आले होते, कुंपणं धरत धरत. बूट चिखलानं भरलेले.

माझ्याकडं बघितलं आणि मान तुकवून म्हणाले, "गुटन टाग."

मला! लग्नाच्या बायकोला, परक्या बाईला जर्मनमध्ये नमस्कार म्हणावा तसं! आणि मध्ये एक खुर्ची सोडून बसले.

"अहो," मी कुजबुजले, "तुम्ही इथं कसे?"

"टर्मिन आहे," हे समोर बघत म्हणाले. म्हणजे वेळ ठरवलेली होती. फोन करून फ्राऊ केलरकडून स्वतः घेतलेली, घरात कोणाला न सांगता. वर्षभर संध्याकाळच्या वर्गाला जाऊन हे जर्मन शिकत होते. मला वाटायचं, स्टेशनावरची वेळापत्रकं वाचता यावीत म्हणून शिकतायत.

घड्याळात साडेतीन झाले आणि फ्राऊ केलरनं आत यायला पुकारलं, "हेर शेलार, बिट्टे!"

मृणाल पेशंटला घ्यायला दारात आली. यादीत नाव बघितलं असेल तिनं, पण तरी समोर सासरे बघून तिचा हात आपोआप खांद्याकडं गेला, पदर सारखा करायला. पदर कुठला! पांढरा कोट होता. तो हात तसाच तिनं पुढं केला.

"गुटन टाग, हेर शेलार."

ह्यांनी तो हात हातात घेतला. सून घरात आल्याला दहा वर्षं झाली होती. वाकून नमस्कार करताना तिच्या डोक्याला हात लावलेला, पण हातात हात पहिल्यांदा! "गुटन टाग, फ्राऊ अपोटेकरिन," हे म्हणाले. दार बंद झालं.

आतून ह्यांचा आवाज यायला लागला. तुटक, मोठा, फलाटावर गाडी पुकारल्यासारखा. सगळा जर्मनमध्ये. मराठीचा एक शब्द नाही.

इरानं रंगीत खडू खाली ठेवला. डोळे मोठे केले. "आजी! आजोबा आईला 'झी' म्हणतायत!"

झी म्हणजे जर्मनमधलं अहो. सासरा सुनेला अहो-जाहो करत होता! आणि तीही ह्यांना तसंच, पण तसंच म्हणजे घरातल्यासारखं नाही. पेशंटला म्हणतात तसं.

"आणि काय म्हणतायत?" माझ्या तोंडून निघून गेलं.

इरानं कान दाराकडं केला. आणि मग मला काय वाटलं कोण जाणे, मी तिचा हात धरला, वाती तशाच पिशवीत कोंबल्या आणि तिला घेऊन खाली गल्लीत आले. जे नवऱ्यानं मला इतक्या वर्षांत मराठीत सांगितलं नाही, ते नातीकडून चोरून जर्मनमध्ये कशाला ऐकायचं?

खूप वेळानं हे खाली आले. काखेत तीच पिशवी. चालताना आवाज येत नव्हता. इरानं आपणहून त्यांचा हात धरला आणि आम्ही तिघं हळूहळू घरी आलो.

पुढचं काय झालं ते आत्ताच सांगून टाकते, कारण शेवट मला दुसऱ्या जागी करायचा आहे. मार्चमध्ये हे उठताना खुर्ची धरेनासे झाले. ईस्टरच्या सुट्टीनंतर एका सकाळी कोट घातला, तर नितीननं गाडीची किल्ली खिशात घातली आणि म्हणाला, "बाबा, मला आज लवकर मीटिंग आहे. इराला तुम्ही सोडाल?" मीटिंग वगैरे काही नव्हती. हे घड्याळ बघून निघाले. डब्यात तेव्हापासून इराचे खडू.

पण त्या बुधवारी संध्याकाळी मला धीर निघेना. स्वयंपाकघरात मृणाल पोळ्या लाटत होती. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "काय निघालं गं डब्यात?"

"आई, पेशंटचं मी घरी बोलत नाही. तुम्हाला माहितेय."

"अगं, पण तो माझा नवरा आहे!"

"तुमचा नवरा आहे," ती म्हणाली, "पण माझा पेशंट आहे."

तोंडात मारल्यासारखं झालं. वाईट नाही वाटलं, उलट बरंच वाटलं. मी पोळ्यांना तूप लावायला घेतलं.

रात्री जेवायला बसलो. हे नेहमीच्या खुर्चीत, मी मध्ये, नितीन, इरा, आणि मृणाल वाढायला उभी. मग ह्यांनी पाण्याचा घोट घेतला, घसा साफ केला आणि म्हणाले,

"आज डॉक्टरकडं एक अपोटेकरिन भेटल्या. फार हुशार बाई. आणि ऐकून घेते हो माणसाचं! कुणाच्या घरची सून आहे कोण जाणे."

नितीनचा घास हातातच राहिला. इरा फिस्सकन हसणार, तेवढ्यात मी टेबलाखालून तिचा पाय दाबला.

मृणालच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. "हो का बाबा?" ती म्हणाली. "काय म्हणाल्या त्या?"

"ते मी घरात सांगत नसतो," हे म्हणाले. आणि ताट पुढं केलं. "भाजी वाढ."